श्यामसुंदरच्या सत्तावीस गाड्या

गाडीत बसण्याआधी तो चपला काढायचा. बाहेर, जोडीने. मग अनवाणी तळवे पत्र्यावर टेकवून बसायचा.

बसायचा ते ड्रायव्हरच्या शेजारी. स्टिअरिंगवर कधीच नाही. बसला की डोळे मिटायचा.

गाडीचा मालक बोलायला लागला की तळहात वर करायचा. "थांबा जी. आधी गाडीले बोलू द्या."

चहा आला की बशीत ओतून चालू गाडीच्या बॉनेटवर ठेवायचा आणि बशीकडे बघत राहायचा. चहावर उठणारे तरंग त्याला काहीतरी सांगायचे. मग निवलेला चहा एका घोटात संपवायचा.

काढलेले स्क्रू शर्टाच्या खिशात टाकायचा. त्यातले दोन-तीन त्याच्या खोलीवर जायचे. दुसऱ्या दिवशी काही न बोलता आणून गॅरेजच्या टेबलावर ठेवायचा.

'कवापासून?' हा प्रश्न तो निदान दोनदा विचारायचा. पहिलं उत्तर त्याला कधीच खरं वाटायचं नाही.

राग आला की त्याचा आवाज चढायचा नाही, उतरायचा. इतका उतरायचा की समोरच्याला कान पुढे करावा लागायचा, आणि कान पुढे करून माणूस स्वतःचाच अपमान ऐकून घ्यायचा.

जयसिंगला यातली एकही सवय आवडत नसे.

जयसिंगचं गॅरेज धायरीत. सोसायट्यांच्या दोन उंच भिंतींमध्ये घरची अडीच गुंठे जागा उरली होती, तिथे पत्र्याची शेड आणि हाताखाली दोन मिस्त्री. गाव महापालिकेत गेलं, वावरांवर इमारती आल्या, तरी गावात जयसिंगच्या शब्दाला किंमत होती. कुणाची गाडी बिघडली की लोक म्हणायचे, जयसिंगकडे टाक, बघंल तो.

अशा माणसाला बाहेरून येऊन कुणी शिकवावं हे त्याला झोंबायचं. आणि श्यामसुंदर बाहेरचाच. हिंगणघाटचा. आयटीआय करून पुण्यात आला आणि चाकणकडच्या एका कारखान्यात लागला. तिथे नवी इंजिनं लोखंडी चौकटीत बांधून तासन्‌तास पळवायचे. काचेच्या अलीकडे बसून ती ऐकायची, हे त्याचं काम. सतरा वर्षं त्याने इंजिनं ऐकली. मग काचेच्या पलीकडे सेन्सर बसले आणि अलीकडच्या माणसांना एका शुक्रवारी चहा-बिस्किटं देऊन घरी पाठवलं गेलं. बायको निशा आणि मुलगी हिंगणघाटलाच होत्या. हा धायरीत एका खोलीत राहिला. जुन्या स्कूटरवरून फिरायचा. सिंहगड रोडच्या अलीकडची-पलीकडची दहा-बारा गॅरेजं त्याला बोलवायची. गाडी उघडून झाली, चार पार्ट बदलून झाले, तरी दोष जाईना, की त्याला फोन. तो यायचा, दोष शोधायचा, सांगायचा, जायचा. पाना हातात घ्यायचा तो उघडून बघण्यापुरता.

"या डॉक्टर," असं कुणी म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं.

"डॉक्टर नाई मी. डॉक्टर अंदाजानं गोळ्या देते. मी अंदाज करत नाई."

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत रुपालीची व्हॅन जयसिंगकडे आली. रुपाली गावातलीच सून. सहा वर्षं शाळेची मुलं ने-आण करते. अकरा मुलं. शाळा आंबेगावच्या पुढे. नवले पुलाजवळ सर्व्हिस रोड सोडून हायवेला लागायचं आणि बोगद्याच्या दिशेने चढायचं. मागून येणाऱ्या गाड्या कुणाची वाट बघत नाहीत. तिथे गाडीने उचललं पाहिजे. उचललं नाही तर काय होतं, ते पेपरात येतं.

रुपालीची व्हॅन उचलत नव्हती.

"दादा, हळू चालवली की लोण्यासारखी चालते," ती म्हणाली. "पाय पूर्ण दाबला की मरते. आवाज घोगरा होतो आणि सगळा जीव जातो. पाय सोडला की परत ठीक. सोमवारी शाळा उघडते. त्याच्या आत मला गाडी पायजे, आणि चांगली पायजे. पोरं असतात माझ्या मागं."

जयसिंगने स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणाला, गाडी ठणठणीत आहे. जयसिंगने प्लग बदलले. कॉइल बदलली. पेट्रोलचा पंप बदलला. एअर फिल्टर नवा टाकला. प्रत्येक वेळी रुपाली व्हॅन घेऊन गेली आणि प्रत्येक वेळी अर्ध्या तासात परत आली. शनिवारी सकाळी ती किल्ली टेबलावर ठेवून उभी राहिली. तेव्हा जयसिंगने दात-ओठ खात श्यामसुंदरला फोन लावला.

तो आला. चपला काढल्या. बसला.

"कवापासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"नक्की कवापासून, ताई?"

रुपालीने आठवलं. "दसऱ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून."

"दसऱ्याले काय केलं गाडीचं?"

"काय करणार? धुतली. सासूबाईंनी पूजा केली, हार घातला, नारळ फोडला. सगळे करतात तेच."

त्याने मान हलवली आणि पुढचं विचारलं. त्या हललेल्या मानेचा जयसिंगने पुढे फार विचार केला.

"त्रास पेट्रोलवर होते का गॅसवर?"

"दोन्हीवर. सेम."

श्यामसुंदरने वळून जयसिंगकडे बघितलं. आवाज खाली आला.

"दोन्हीवर होते, तं पेट्रोलचा पंप काहून बदलला?"

"जुना झाला व्हता."

"जुने तं आपण बी झालो जी. बदलते काय कोणी?"

रुपाली फिस्सकन हसली. मिस्त्री दुसरीकडे बघायला लागले. जयसिंगच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आपल्याच शेडमध्ये, आपल्याच गिऱ्हाइकासमोर.

"आता दोनच गोष्टी राहिल्या," श्यामसुंदर म्हणाला. "आत जाणारी हवा, नाईतर बाहेर जाणारा धूर. हवेचं पाहिलं काय?"

"बघितलंय," जयसिंग म्हणाला. तो चिडलेलाच होता. "फिल्टर नवा टाकलाय. माझ्या हातानं टाकलाय. ते तरी सोड की आता."

हे खोटं नव्हतं. त्याने सीट उचलून फिल्टरची पेटी उघडली होती, जुना फिल्टर काढला होता, नवा बसवला होता. पेटीत हवा आणणारी नळी सीटखालून वळण घेऊन येते. त्या नळीत त्याने बघितलं नव्हतं. कुणीच बघत नाही.

आणि कुणाचंच न ऐकणाऱ्या श्यामसुंदरने त्या एका शब्दावर विश्वास ठेवला. का ठेवला? एकदा चारचौघांत खाली बघायला लावलं, आता माणसाकडे थोडं काही राहू द्यावं, असं वाटलं असेल. जयसिंगला तरी दुसरं कारण सुचलेलं नाही.

मग त्याने इंजिनाला गेज जोडलं. हवेची ओढ मोजणारं, एक काटा असलेलं साधं घड्याळ. व्हॅन जागेवरच उभी ठेवून रेस करायला लावली. काटा सावकाश खाली आला. त्याने सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला, वास घेतला, सायलेन्सरवर हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकलं. आत काहीतरी खुळखुळलं.

"कन्व्हर्टर गेला," तो म्हणाला. "धूर गाळणारी जाळी चोंदली. इंजिनाले श्वास सोडता येऊन नाई रायला."

कन्व्हर्टर काढला. जाळी खरोखरच अर्धी वितळलेली होती. तिघांनीही ती डोळ्यांनी बघितली. रविवारी दुपारी नवा बसला. रुपालीने व्हॅन धायरी फाट्यापर्यंत नेऊन आणली. हसतच उतरली.

"पळतेय दादा! एकदा चढावर नेऊ का?"

नवले पुलावर सुट्टीवरून परतणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. जयसिंग म्हणाला, "कशाला? तास जाईल." श्यामसुंदरने चपला घातल्या.

"गरज नाई. घाला गाडी रस्त्यावर."

सोमवारी सकाळी सव्वासातला व्हॅन सर्व्हिस रोडवरून हायवेला लागली. आत अकरा मुलं, अकरा दप्तरं, अकरा पाण्याच्या बाटल्या. रुपालीने पाय पूर्ण दाबला. आवाज घोगरा झाला आणि व्हॅनचा जीव गेला. मागून खाजगी बस येत होती. बसवाल्याने ब्रेक मारला. बस तिरकी झाली आणि व्हॅनच्या मागच्या काचेपासून वीतभर अंतरावर थांबली. रुपालीनेही दचकून ब्रेक दाबला होता. दुसरीतली निकिता पुढच्या सीटच्या दांडीवर आपटली. हनुवटी फाटली. तीन टाके.

दहा वाजता रुपाली गॅरेजमध्ये आली. चालवायची हिंमत होईना, म्हणून व्हॅन टो करून आणली होती. तिच्या ओढणीवर निकिताचं रक्त वाळलेलं होतं.

"आरशात त्या बसवाल्याच्या शर्टाची बटणं दिसत होती मला," ती म्हणाली. "मोजली असती. वेळ होता तेवढा. पाय दाबून धरलेला आणि गाडी जागची हलत नाही. आणि मागं पोरं गाणं म्हणतायत. त्यांना वाटलं मी मुद्दाम हळू केली." मग ओरडली, "तुम्हाला येत नाही तर नाही म्हणायचं होतं ना! मी दुसरीकडे नेली असती! घाला रस्त्यावर म्हणे!"

जयसिंगने श्यामसुंदरला फोन करून शिव्या घातल्या. आईवरून नाही, पण त्याच्या अलीकडच्या सगळ्या.

श्यामसुंदर पंधरा मिनिटांत आला. जयसिंग तयारीत उभा होता. आता हा म्हणणार, हवेचं बघितलंय म्हणून तूच सांगितलंस. जयसिंगने उत्तरही जुळवून ठेवलं होतं. मी सांगितलं तर तू ऐकलंस कशाला? तू तर कुणाचंच ऐकत नाहीस.

श्यामसुंदरने ते वाक्य काढलंच नाही. रुपालीसमोर उभा राहिला.

"चूक माही हाय, ताई. एक दोष दिसला, अन् मी शोधणं सोडलं. गाडी रिकामी पळवली. भरलेली पळवली नाई."

"त्या चुकीनं टाके निघणारेत का तिचे?"

"नाई."

मग तो जयसिंगकडे वळला. "वजन पायजे. अकरा पोरांचं. तीनशे किलोच्या जवळ."

जयसिंगचा मेव्हणा मार्केट यार्डात टेम्पो चालवतो. दुपारपर्यंत बटाट्याची पोती आली. पन्नास-पन्नास किलोची. आणायला सांगितली होती सहा, आली पाच.

"एक कमी हाय," श्यामसुंदर म्हणाला आणि जयसिंगला आपादमस्तक न्याहाळलं. "तुमी बसा मागं."

त्यावर कुणी हसलं नाही.

रुपालीने स्टिअरिंग दुसऱ्या कुणाला दिलं नाही. श्यामसुंदर अनवाणी तिच्या शेजारी. गेजची लांब नळी त्याने फिल्टरच्या पेटीच्या तोंडाशी जोडली होती आणि गेज मांडीवर घेतलं होतं. जयसिंग मागे पोत्यावर. सर्व्हिस रोड, मग हायवे. दुपारी गर्दी कमी होती. चढ लागला.

"दाबा."

"भीती वाटते, दादा."

"दाबा. मांगं मोकळं हाय. मी पाहून रायलो."

तिने पाय दाबला. आवाज घोगरा झाला. पोती मागे सरकली, जयसिंग दारावर आदळला. काटा गर्रकन फिरला. पाय सोडला, काटा परत आला. पुन्हा दाबला, पुन्हा फिरला.

"बाजूले घ्या," श्यामसुंदर म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की जयसिंगला मागे जेमतेम ऐकू आला. "हवा येऊनच नाई रायली. पेटीच्या आधीच अडून रायली."

व्हॅन कडेला थांबली. शेजारून ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकसरशी व्हॅन हलत होती. त्याने सीट उचलली, नळीत मनगटापर्यंत हात घातला. बराच वेळ चाचपलं. मग हात बाहेर काढला.

लाल कापड होतं. खणाचा तुकडा. एका टोकाला गाठ मारून आत तांदूळ, सुपारी आणि कागदात अंगारा. दुसरं टोक मोकळं, हातभर लांब, काळवंडलेलं. गाठीचं टोक नळीच्या वळणात अडकून पडलेलं. इंजिन सावकाश हवा ओढायचं तेव्हा कापड नळीच्या तळाशी पडून राहायचं. पाय पूर्ण दाबला की हवेच्या ओढीने उडून पेटीच्या तोंडाला चिकटायचं. पाय सोडला की खाली. ना स्कॅनरला दिसणार, ना उभ्या गाडीत कळणार.

रुपालीने तो खण ओळखला. तिच्या सासूच्या पातळावरचाच होता.

रुपालीची सासू मथुराबाई संध्याकाळी गॅरेजमध्ये आल्याच. गावात अशी बातमी चालत जात नाही, पळते. सत्तरीची बाई. पदर खोचलेला. टेबलावरची पुडी बघून थांबली.

"कुणी हात घातला याला?"

"आजी, हे इंजिनाच्या नाकात होतं," जयसिंग म्हणाला.

"मला काय ठावं नाक का तोंड? अंगारा हाय देवीचा. अकरा लेकरं नेतीया ती. रोज त्या हायवेला माणसं मरत्यात. इंजिनाजवळ ठिवावा म्हणलं. सीट उचलली, भोक दिसलं, आत सारला. पडाया नको म्हणून चांगला आत सारला."

"सांगायचं तरी होतंत, आई," रुपाली म्हणाली.

"सांगिटलं तर ठिऊ दिला असतास?" मथुराबाई सुनेवरून पुन्हा मिस्त्र्यांवर आल्या. "अन् तुमी काय बघत व्हता रं इतके दिस? मशिनी लावल्या, पार्ट बदललं, परगावचा माणूस बोलावला. एका म्हातारीनं हातानं ठिवलेलं तुमास्नी दिसंना? पोरीचं थोबाड फुटलं तवा दिसलं व्हय?"

श्यामसुंदरने पुडी दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या हातात दिली.

"बरोबर बोलता, आजी. आता समोर ठेवा. काचेपाशी. दिसंल अशी."

हे इथे संपायला हवं होतं. व्हॅन उचलायला लागली. निकिताचे टाके निघाले. रुपाली पुन्हा जयसिंगला दादा म्हणायला लागली, जरा उशिराने का होईना.

श्यामसुंदरने संपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला आणि जयसिंगची जुनी जॉबकार्डं मागायला लागला. मग दुसऱ्या गॅरेजमध्ये गेला, मग तिसऱ्या. चार दिवसांनी एका जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर यादी करून घेऊन आला. दोन वर्षांत त्याने 'घाला रस्त्यावर' म्हटलेल्या गाड्यांपैकी सत्तावीस. सगळ्यांचा त्रास एकच, पाय दाबला की दम तुटायचा. आणि सगळ्यांत एखादी गोष्ट त्याने स्वतः न बघता दुसऱ्याच्या शब्दावर सोडून दिलेली. गाडीचा नंबर, मालकाचं नाव, काय बघायचं राहिलं, आणि 'बघितलंय' कोण म्हणालं.

शेवटच्या रकान्यात जयसिंगचं नाव नऊ वेळा होतं.

"हे काय हाय?"

"सगळ्या पुन्हा पाहतो. वजन घालून. चढावर."

"डोकं फिरलंय का तुझं? मालकांना काय सांगणार? आम्ही नीट बघितलं न्हवतं म्हणून? गावात बोंब होईल. माझ्या गॅरेजची माती करशील!"

"होऊ शकते."

"माझं नाव काढ त्यातून."

"नाव काढलं तं काय पाहायचं राहिलं ते मले कसं आठवंल?"

जयसिंगने हातातला पाना फेकला. श्यामसुंदरच्या अंगावर नाही, भिंतीवर. पाना पडून आवाज विरेपर्यंत श्यामसुंदर थांबला आणि यादी हत्यारांच्या फळीवर खिळ्याला अडकवून निघून गेला. ती काढून फाडायला जयसिंगला दोन पावलं टाकायची होती. त्याने ती टाकली नाहीत. का नाही, याचाही त्याला राग होता.

मालक तर विचारूच नका. एकाने फोन ठेवून दिला. एकाला वाटलं, फुकट बघतोय म्हणजे नक्की काहीतरी चोरणार. एकजण शेजारी बसला आणि चढभर मोबाइलवर बोलत राहिला. बटाट्याची पोती श्यामसुंदर टेम्पोने गाडीमागून गाडीकडे हलवत होता. त्याच्या खोलीचा मालक ओरडायचा, जिन्याखाली बटाटे कसले ठेवलेत? तिसऱ्या आठवड्यात बटाट्यांना मोड आले. त्याने ते खुडले आणि पोती पुन्हा शिवली.

सहा आठवड्यांत चौदा गाड्या झाल्या. बारा ठीक निघाल्या. एकीत हवेच्या रबरी नळीला केसाएवढी चीर होती, जोराने ओढलं की उघडायची. एकीच्या पेटीत उंदराने घर केलं होतं. ही दुसरी जयसिंगच्या गॅरेजमधली होती.

"बघितलंय म्हणालो व्हतो मी हिच्यात," जयसिंग म्हणाला. आता तरी हा काहीतरी बोलेल. चार शिव्या देईल, सुटेल, आपणही सुटू.

"हो," श्यामसुंदर म्हणाला आणि यादीवर बरोबरची खूण केली.

पंधरावी गाडी शनिवार पेठेतली. मालक निवृत्त प्राध्यापक. श्यामसुंदरने फोन जयसिंगच्या समोरच केला, स्पीकरवर.

"अहो, पण गाडी उत्तम चालते आहे," पलीकडून आवाज आला. "आपणच दुरुस्त केली होतीत ना?"

"हो जी."

"मग आता आपला आपल्यावरच विश्वास राहिला नाही, असं समजायचं का?"

"हो जी. तसंच."

"बरं. निदान खरं बोललात. गुरुवारी अकरा वाजता या. अकरा म्हणजे अकरा. आणि ते बटाटे आणणार असाल तर धुऊन आणा. सीट कव्हरं नवीन आहेत."

श्यामसुंदरने यादीत लिहिलं: गुरुवार, अकरा. त्या दिवशी तो जरा हसला. डाव्या खांद्याखाली मूठ दाबत हसला. जयसिंगने ते बघितलं. विचारलं नाही. पोती उचलून खांदा भरला असेल, असं धरून चालला.

बुधवारी सकाळी खोलीमालकाचा फोन आला. दार उघडत नाही म्हणून. जयसिंगनेच कडी तोडली. श्यामसुंदर भिंतीकडे तोंड करून निजला होता आणि केव्हाचाच गेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. बेचाळीस वर्षांचा माणूस.

निशाला फोन जयसिंगने केला. ती आधी रडली नाही.

"दोन महिने झाले, छातीत जळजळते म्हणत होते," ती म्हणाली. "मी रोज म्हणो, दाखवा. तं म्हणे, दाखवलं. डॉक्टरनं पाह्यलं, काही नाई म्हणे. मी म्हटलं बरं. खोलीत कागद असतील जी डॉक्टरचे. पाहून घ्या."

जयसिंगने खोली उलटीपालटी केली. कागद नव्हता. ॲसिडिटीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं होती, अकरा-बारा. खिडकीत जयसिंगच्या गॅरेजचे सात स्क्रू होते. कुठल्या डॉक्टरने काही बघितलं नव्हतं. कुणी दाखवलंच नव्हतं.

तो खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि मेलेल्या माणसाला मोठ्याने शिव्या द्यायला लागला. उंदराच्या घरापायी चढ चढवलेस भडव्या, आणि स्वतःच्या छातीला दाखवलंय म्हणून सांगितलंस? बायकोला? खोलीमालक दारात आला आणि परत गेला. जयसिंगने जिन्याखालच्या पोत्याला लाथ घातली. शिवण उसवली. बटाटे पायरीपायरीने खाली गेले.

श्यामसुंदरचा भाऊ आला, ॲम्ब्युलन्स हिंगणघाटला गेली. रुपाली आणि मथुराबाई शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मथुराबाई म्हणाल्या, "चांगल्या माणसाला बरं नेतोय त्यो," आणि वर बघून देवावरच डाफरल्या.

गुरुवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी गॅरेजचा फोन वाजला.

"आपले तज्ज्ञ आलेले नाहीत. अकरा म्हणजे अकरा, असं मी स्पष्ट सांगितलं होतं."

जयसिंगने सांगितलं. तीन शब्दांत सांगितलं.

पलीकडचा आवाज बदलला. "अरेरे. माफ करा. मला कल्पना नव्हती." मग चाचरत, "एक विचारू का? म्हणजे... मी गाडी चालवू ना? उद्या नातीला घेऊन साताऱ्याला जायचंय. खंबाटकी घाट चढायचा आहे."

जयसिंगच्या जिभेवर 'बघितलंय' हा शब्द आला होता. रोज शंभरदा म्हणतो तो. त्याने तोंड उघडलं, मिटलं.

"नका नेऊ," तो म्हणाला. "बसनं जा."

फोन ठेवून तो फळीपाशी गेला. यादी खिळ्याला होती. चौदा खुणा. पंधराव्या ओळीत शनिवार पेठ, गाडीचा नंबर, आणि राहिलेलं काम: हवेची नळी. पुढे वेळ लिहिलेली. गुरुवार, अकरा. त्याच्याखाली बारा ओळी आहेत. बाराही गाड्या रस्त्यावर आहेत.